लुईस एनरिके : खेळाडू ते प्रशिक्षक – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेचा ३१ मे २०२५ चा म्युनिकमधला अंतिम सामना आपल्याकडे मध्यरात्री साडेबाराला सुरू झाला. पॅरिस सेंट-जर्मेनने इंटर मिलानचा ५-० असा धुव्वा उडवला. दुसऱ्या दिवसापासून, एरवी फक्त विश्वचषकापुरता फुटबॉल पाहणारी माझ्या ओळखीची माणसंही विचारू लागली, की हा पॅरिसचा प्रशिक्षक आहे तरी कोण? मी लुईस एनरिकेला तो मैदानावर धावत होता तेव्हापासून पाहत आलो आहे. वेळोवेळी लोकांनी विचारलेले प्रश्न आणि माझ्या परीने दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

त्याचं आडनाव ‘एनरिके’ आहे का?

नाही. ‘लुईस एनरिके’ हे दोन शब्द मिळून त्याचं स्वतःचं नाव बनतं. पूर्ण नाव लुईस एनरिके मार्तिनेझ गार्सिया. आपण स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असं लिहितो. स्पेनमध्ये नावापुढे दोन आडनावं येतात, आधी वडिलांकडचं आणि मग आईकडचं. त्यामुळे त्याला नुसतं ‘एनरिके’ म्हणणं म्हणजे नाव अर्धं तोडणं.

जवळची माणसं आणि चाहते त्याला ‘लुचो’ म्हणतात. लुईस फ्लोरेस नावाचा एक मेक्सिकन आघाडीपटू त्याच्या गावच्या संघाकडून खेळायचा, त्याच्यावरून हे टोपणनाव पडलं.

तो मूळचा कुठला?

खिखोनचा. स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर अस्तुरियास नावाचा प्रांत आहे. डोंगर, पाऊस, कोळशाच्या खाणी आणि समोर खवळलेला समुद्र. त्या प्रांतातलं खिखोन हे बंदराचं शहर. तिथे ८ मे १९७० रोजी त्याचा जन्म झाला. स्पोर्तिंग खिखोन या स्थानिक क्लबच्या मारेओ इथल्या प्रशिक्षण केंद्रात तो तयार झाला आणि १९८९ मध्ये पहिल्या संघातून खेळला. १९९०-९१ च्या मोसमात त्याने लीगमध्ये १४ गोल केले. स्पोर्तिंग पाचव्या क्रमांकावर आला आणि युरोपातल्या स्पर्धेसाठी पात्र ठरला. स्पोर्तिंगसारख्या लहान क्लबला एवढं यश मिळाल्यावर जे होतं तेच झालं, मोठ्या क्लबांची नजर पडली. १९९१ मध्ये रेआल माद्रिदने त्याला नेलं.

खेळाडू म्हणून तो नेमका कुठल्या जागी खेळायचा?

या प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण पुढचा प्रशिक्षक यातूनच घडला.

तो सगळीकडे खेळला. सुरुवात आघाडीपटू म्हणून. माद्रिदमध्ये कधी उजव्या बगलेवर, कधी मधल्या फळीत, कधी चक्क उजव्या बाजूचा बचावपटू. बार्सिलोनात पुन्हा पुढे सरकला आणि मधल्या फळीतून अचानक गोलजाळ्यासमोर उगवणारा खेळाडू म्हणून ओळखला जाऊ लागला. गोलरक्षकाचे हातमोजे सोडले तर संघातली जवळपास प्रत्येक जागा त्याने सांभाळली. माद्रिदकडून २१३ सामन्यांत १८ गोल, बार्सिलोनाकडून ३०० सामन्यांत १०९ गोल. एकाच माणसाचे हे दोन आकडे शेजारी ठेवले की त्याला कुठे कुठे खेळवलं गेलं ते दिसतं.

त्याच्याकडे मेसीसारखी चेंडूवरची जादू नव्हती, झिदानसारखा डौल नव्हता. छाती फुटेस्तोवर धावणं होतं, आणि चेंडू आपल्याकडे नसताना काय करायचं याची पक्की समज होती. आता पॅरिसच्या सामन्यात उस्मान डेम्बेले समोरच्या गोलरक्षकावर तुटून पडताना पाहा. ‘तू आघाडीपटू आहेस म्हणून बचाव तुझं काम नाही’ ही सवलत लुईस एनरिकेच्या संघात कुणालाच नसते. ती त्याला स्वतःलाही कधी मिळाली नव्हती.

१९९४ च्या विश्वचषकात त्याच्या नाकाचं काय झालं?

९ जुलै १९९४, बॉस्टनजवळचं फॉक्सबरो मैदान, इटलीविरुद्ध उपांत्यपूर्व सामना. रॉबर्तो बाज्जोने ८८ व्या मिनिटाला गोल करून इटलीला २-१ अशी आघाडी मिळवून दिली होती. शेवटच्या क्षणांत इटलीच्या पेनल्टी क्षेत्रात मॉरो तास्सोत्तीने लुईस एनरिकेच्या तोंडावर कोपर हाणलं. नाक मोडलं. पंच सांदोर पूल यांना ते दिसलं नाही. ना पेनल्टी, ना कार्ड. रक्ताने माखलेला पांढरा शर्ट आणि डोळ्यांत पाणी, संतापाने पंचांकडे धावणारा २४ वर्षांचा तरुण, हे चित्र स्पेनमधली एक अख्खी पिढी विसरलेली नाही.

नंतर चित्रफीत पाहून तास्सोत्तीवर आठ सामन्यांची बंदी आली. पण स्पेन घरी गेला होता आणि इटली पुढे अंतिम फेरीपर्यंत पोचला. त्या अंतिम सामन्याला पंच म्हणून सांदोर पूलच होते. आज व्हिडिओ पंच आहेत, म्हणून असा प्रसंग नव्या पिढीला खराच वाटत नाही.

दोन वर्षं आधी मात्र त्याच्या गळ्यात ऑलिम्पिकचं सुवर्णपदक पडलं होतं. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये कॅम्प नोऊवर स्पेनने पोलंडला ३-२ ने हरवलं. पुढे नामांकित प्रशिक्षक झालेला पेप ग्वार्डिओलाही त्या चमूत होता. राष्ट्रीय संघाकडून लुईस एनरिके एकूण ६२ सामने खेळला, १२ गोल केले आणि १९९४, १९९८, २००२ असे तीन विश्वचषक पाहिले.

रेआल माद्रिद सोडून थेट बार्सिलोना? हे कसं घडलं?

१९९६ मध्ये माद्रिदबरोबरचा करार संपला आणि तो एक पैसाही हस्तांतरण शुल्क न लागता बार्सिलोनाला गेला. स्पेनमध्ये ही साधी गोष्ट नव्हे. या दोन क्लबांमधलं वैर नुसतं खेळापुरतं नाही, त्याला राजधानी आणि कॅटालोनिया यांच्यातल्या जुन्या राजकारणाची किनार आहे. शिवाय जानेवारी १९९५ मध्ये माद्रिदने बार्सिलोनाला ५-० ने लोळवलं, त्यातला एक गोल याचाच होता. असा माणूस आपल्या संघात आलेला बार्सिलोनाच्या प्रेक्षकांना सुरुवातीला रुचला नाही.

माद्रिदच्या प्रेक्षकांनी आपल्याला कधी फारसं आपलं मानलं नाही, असं तो पुढे उघडपणे बोलला. बार्सिलोनात त्याने आठ मोसम काढले. दोनदा लीग, दोनदा स्पॅनिश चषक, १९९७ चा युरोपियन कप विनर्स कप, आणि शेवटी कर्णधारपद. माद्रिदविरुद्ध गोल केला की अंगावरचा बार्सिलोनाचा शर्ट ओढून दाखवत धावायचा. मग कुणाला शंका उरली नाही.

एक गंमतशीर योगायोग : १९९७ चा तो अंतिम सामना रॉटरडॅमला झाला, आणि बार्सिलोनाने ज्यांना १-० ने हरवलं तो संघ होता पॅरिस सेंट-जर्मेन.

निवृत्तीनंतर तो लगेच प्रशिक्षक झाला का?

नाही, चार वर्षं गेली. २००४ मध्ये ३४ व्या वर्षी तो थांबला. आपल्याच अपेक्षेला आता आपलं शरीर पुरं पडत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. काही काळ तो कुटुंबासह ऑस्ट्रेलियात राहिला, लाटांवर सर्फिंग करत. मग धावायला लागला. न्यू यॉर्क, अॅमस्टरडॅम आणि मग फ्लॉरेन्सची मॅरेथॉन, शेवटची तीन तासांच्या आत. २००७ मध्ये फ्रँकफर्टची आयर्नमॅन, म्हणजे ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि त्यावर पूर्ण मॅरेथॉन. २००८ मध्ये मोरोक्कोच्या वाळवंटातली अनेक दिवस चालणारी शर्यतही त्याने पुरी केली. मुंबई मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांना तीन तासांच्या आत ४२ किलोमीटर म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

२००८ च्या उन्हाळ्यात ग्वार्डिओला बार्सिलोनाच्या मुख्य संघाचा प्रशिक्षक झाला आणि त्याची रिकामी झालेली जागा, म्हणजे राखीव ‘ब’ संघ, लुईस एनरिकेकडे आली. २०१० मध्ये त्याने हा संघ ११ वर्षांनी दुसऱ्या श्रेणीत परत नेला आणि पुढच्याच वर्षी तिथे तिसरा क्रमांक मिळवला. राखीव संघाला मुख्य संघाच्या श्रेणीत जाता येत नाही, नाहीतर ते पोरगे वर गेलेही असते. त्या पोरांत सर्जी रॉबर्तो नावाचा एक मुलगा होता. त्याचं नाव पुढे येणार आहे.

रोमात तो अपयशी का ठरला?

२०११ मध्ये रोमा क्लब नव्या अमेरिकी मालकांकडे गेला होता आणि त्यांना नवा चेहरा हवा होता. लुईस एनरिकेने तिथे पहिल्या दिवसापासून बार्सिलोनाच्या धर्तीचा खेळ आणला : चेंडू आपल्याकडे ठेवायचा, मागून पास देत पुढे यायचं. खेळाडूंना ते पचायला वेळ लागला आणि रोममध्ये वेळ कुणी देत नाही. मोसमाच्या तोंडावरच युरोपा लीगच्या पात्रता फेरीत स्लोव्हान ब्रातिस्लाव्हाकडून संघ बाहेर पडला. परतीच्या सामन्यात त्याने फ्रान्चेस्को तोत्तीला मैदानाबाहेर बोलावलं. तोत्ती म्हणजे त्या शहराचं दैवत. तिथून प्रेक्षकांशी जे बिनसलं ते शेवटपर्यंत सुधारलं नाही. संघ सातवा आला. करार दोन वर्षांचा असूनही मे २०१२ मध्ये तो स्वतःहून निघून गेला.

मला विचाराल तर तो तिथे चुकला. त्याचा विचार बरोबर होता, पण नव्या गावात गेल्यावर आधी तिथली माणसं समजून घ्यावी लागतात. नंतरचा लुईस एनरिकेही मोठ्या खेळाडूंना बाकावर बसवतो, पण आधी बाकीचा संघ आपल्यामागे उभा करून. हे शहाणपण रोममध्ये आलं असं मी मानतो.

मग बार्सिलोनाने त्याला का घेतलं?

मध्ये सेल्टा विगोचं एक वर्ष आहे. आदल्या मोसमात अगदी शेवटच्या दिवशी पदावनती टाळलेल्या त्या क्लबला त्याने २०१३-१४ मध्ये नववं आणलं, तेही बघावासा वाटणारा फुटबॉल खेळून. मे २०१४ मध्ये बार्सिलोनाची सूत्रं त्याच्या हाती आली.

बार्सिलोनाचा तिहेरी मुकुट (लीग, देशातला चषक आणि चॅम्पियन्स लीग एकाच मोसमात) तर मेसी, सुआरेझ आणि नेमार यांनी जिंकला. त्यात प्रशिक्षकाचं काय?

हा प्रश्न मला दरवेळी ऐकावा लागतो आणि दरवेळी मी थोडा तापतो.

त्या तिघांनी २०१४-१५ च्या मोसमात मिळून १२२ गोल केले हे खरं. पण त्या मोसमाचा मध्य आठवा. ४ जानेवारी २०१५, सान सेबास्तियन. सुट्टीवरून उशिरा परतले म्हणून मेसी आणि नेमारला त्याने सुरुवातीला बाकावर बसवलं. जॉर्डी आल्बाच्या स्वयंगोलमुळे बार्सिलोना ०-१ ने हरला. दुसऱ्या दिवशी क्रीडा संचालक झुबिझारेटा यांना काढलं. मेसी आणि प्रशिक्षक यांच्यात बिनसल्याच्या बातम्यांनी वृत्तपत्रं भरली. आता जाणार म्हणून सगळे त्याच्याकडे बघत होते.

त्यातून त्याने वाट काढली. मेसी पुन्हा उजव्या बगलेवर, सुआरेझ मधोमध, नेमार डावीकडे ही रचना पक्की झाली. चेंडू फिरवत राहणाऱ्या बार्सिलोनाला झटकन प्रतिहल्ला करायला त्याने शिकवलं. आणि कॉर्नर, फ्री किक यांच्यावर सहायक हुआन कार्लोस उन्झुए यांनी कसून काम केलं. शेवटी लीग, स्पॅनिश चषक आणि ६ जून २०१५ ला बर्लिनमध्ये युव्हेंट्सला ३-१ ने हरवून चॅम्पियन्स लीग. उपांत्य फेरीत ज्या बायर्न म्युनिकला बाहेर काढलं तिचा प्रशिक्षक होता जुना सहकारी ग्वार्डिओला.

तीन तारे एकत्र आले की चषक आपोआप येतो, असं असतं तर पॅरिसने तो कितीतरी आधी जिंकला असता. मेसी, नेमार आणि एम्बापे दोन वर्षं तिथे एकत्र होते आणि चॅम्पियन्स लीगमध्ये दोन्ही वेळा पहिल्याच बाद फेरीत संपले.

तीन मोसमांत त्याने बार्सिलोनाला नऊ जेतेपदं दिली.

६-१ चा तो सामना कोणता?

८ मार्च २०१७. चॅम्पियन्स लीगच्या बाद फेरीत दोन सामन्यांचे गोल मिळून निकाल लागतो, आणि पहिल्या सामन्यात पॅरिसने बार्सिलोनाला ४-० ने चिरडलं होतं. इतकी पिछाडी चॅम्पियन्स लीगमध्ये आधी कुणीच भरून काढली नव्हती. आदल्या दिवशी लुईस एनरिके पत्रकारांना म्हणाला, की ते आम्हाला चार गोल करू शकतात तर आम्ही त्यांना सहा करू शकतो. लोक हसले.

६२ व्या मिनिटाला कावानीने पॅरिसचा गोल केला, तेव्हा धावफलक ३-१ होता आणि आणखी तीन गोल हवे होते. ८८ व्या मिनिटापर्यंत काही घडलं नाही. मग नेमारची फ्री किक, नेमारचीच पेनल्टी आणि ९५ व्या मिनिटाला सर्जी रॉबर्तोने पाय ताणून चेंडूला दिलेला स्पर्श. ब संघातला तोच पोरगा. या रात्रीच्या एक आठवडा आधीच लुईस एनरिकेने मोसमाअखेर जाणार असल्याचं जाहीर केलं होतं. पुढच्या फेरीत युव्हेंट्सने बार्सिलोनाला हरवलं, हेही सांगायला हवं. ती रात्र तेवढ्याने लहान होत नाही.

त्याच्या मुलीबद्दल काय घडलं होतं?

जुलै २०१८ मध्ये तो स्पेनच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला. मार्च २०१९ मध्ये माल्टातल्या सामन्याआधी तो अचानक घरी परतला. जूनमध्ये त्याने पद सोडलं. कारण कुणी सांगितलं नाही आणि स्पेनच्या वृत्तपत्रांनीही कुटुंबाची विनंती मानून ते खणलं नाही. २९ ऑगस्टला त्यानेच जगाला कळवलं, की शाना गेली. नऊ वर्षांची होती. हाडांच्या कर्करोगाशी पाच महिने झुंजली. अस्तुरियासच्या लोककथांत झऱ्याकाठी राहणाऱ्या जलपरीला ‘शाना’ म्हणतात, तेच तिचं नाव.

२०१५ मध्ये बर्लिनच्या विजयानंतर पाच वर्षांची शाना बाबाबरोबर मैदानात बागडत होती, बार्सिलोनाचा झेंडा गवतात रोवत होती. ते छायाचित्र अनेकांनी पाहिलेलं असेल. आपल्याला दुर्दैवी म्हणू नका, नऊ वर्षं ती आमच्याबरोबर होती म्हणून मी भाग्यवान आहे, अशा अर्थाचं तो नंतर बोलला. २०२५ मध्ये म्युनिकला सामना संपल्यावर पॅरिसच्या प्रेक्षकांनी एक भलंमोठं कापड उलगडलं. त्यावर लुईस एनरिके आणि शाना पॅरिसचा झेंडा रोवत आहेत असं चित्र होतं. मी तेव्हा एकटाच जागा होतो. पहाटेच्या त्या वेळी मला रडू आवरलं नाही, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

गंभीर आजारी मुलांच्या कुटुंबांना आधार देण्यासाठी त्याने आणि पत्नीने शानाच्या नावाने एक प्रतिष्ठान सुरू केलं आहे.

स्पेनचा प्रशिक्षक म्हणून तो यशस्वी होता की नाही?

चषक मिळाला नाही, एवढं स्पष्ट आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये तो परतला. मधल्या काळात संघ सांभाळणारा त्याचा सहायक रॉबर्ट मोरेनो याच्याशी त्याचं कडवटपणे फाटलं. त्याने मोरेनोला अप्रामाणिक म्हटलं, मोरेनोने ते नाकारलं.

२०२१ मध्ये झालेल्या युरो स्पर्धेसाठी त्याने निवडलेल्या चमूत रेआल माद्रिदचा एकही खेळाडू नव्हता. मोठ्या स्पर्धेत असं पहिल्यांदाच घडलं आणि माद्रिदच्या वृत्तपत्रांनी त्याला सोलून काढलं. त्याने १८ वर्षांच्या पेद्रीवर भरवसा टाकला आणि संघ उपांत्य फेरीत पोचला. इटलीपेक्षा सरस खेळून पेनल्टींवर हरला. काही महिन्यांनी मिलानमध्ये त्याच इटलीची ३७ सामन्यांची अपराजित घोडदौड थांबवली, तेव्हा मधल्या फळीत १७ वर्षांचा गावी पहिल्यांदा देशासाठी खेळत होता.

मग कतारमधला २०२२ चा विश्वचषक. कोस्टा रिकाविरुद्ध ७-० अशी सुरुवात आणि मोरोक्कोविरुद्ध शेवट. १२० मिनिटांत हजाराहून जास्त पास आणि एकही गोल नाही. स्पर्धेला येण्याआधी प्रत्येकाने निदान हजार पेनल्टी मारून यावं असं त्याने बजावलं होतं. तरी साराबिया, सोलेर आणि बुस्केट्स तिघेही चुकले. मोरोक्कोची विजयी पेनल्टी हळूच मधोमध उचलणारा होता अश्रफ हकिमी, माद्रिदमध्ये जन्मलेला. दोन दिवसांनी लुईस एनरिकेचं पद गेलं.

त्या सामन्यात मला त्याचा हट्ट नडला असं वाटतं. चेंडू ताब्यात ठेवण्याच्या नादात गोलच्या दिशेने वेगाने जाणारं कुणी उरलं नव्हतं. पॅरिसमध्ये त्याने नेमकी हीच उणीव भरून काढली.

एम्बापे गेल्यावर पॅरिस अधिक चांगलं कसं खेळू लागलं?

जुलै २०२३ मध्ये तो पॅरिसला आला. मेसी आधीच गेला होता, नेमार काही आठवड्यांत गेला. उरला किलियन एम्बापे. त्या मोसमात एम्बापेने ४४ गोल केले, संघाने फ्रान्समधले तिन्ही किताब जिंकले आणि चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत डॉर्टमुंडकडून तो हरला. मग एम्बापेही माद्रिदला गेला. वर्षाला चाळीस गोल करणारा गेल्यावर कुणीही नवा तारा आणला असता. लुईस एनरिकेने सांगितलं, की एक खेळाडू मनाला येईल तिथे फिरत असेल तर सामन्यातले काही प्रसंग माझ्या हातात राहत नाहीत, आता सगळे राहतील.

हे बोलणं त्याच्या अंगाशी येणार अशी चिन्हं होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये संघाप्रती कर्तव्य पाळलं नाही म्हणून त्याने डेम्बेलेला आर्सेनलविरुद्ध वगळलं. संघ हरला. आत्लेतिको आणि बायर्नकडूनही हरला. २२ जानेवारी २०२५ ला मँचेस्टर सिटीविरुद्ध पॅरिस घरच्या मैदानावर ०-२ ने मागे होता, आणि हरला असता तर स्पर्धेतून बाहेर पडायची वेळ आली असती. सामना ४-२ ने जिंकला. तिथून तो संघ वेगळाच दिसू लागला.

बदल काय झाला? डेम्बेले बगलेवरून मधे आला, पण गोलजाळ्यापाशी उभा न राहता मागे येऊन खेळू लागला. त्याने मोकळ्या केलेल्या जागेत तरुण आघाडीपटू डुए, जानेवारीत नापोलीहून आलेला क्वारात्स्खेलिया, आणि हो, बचावपटू हकिमी घुसू लागले. मधल्या फळीतले विटिन्हा आणि जोआव नेव्हेस दोघेही लहान चणीचे, पण चेंडू गेला की पाचव्या सेकंदाला परत मिळवणारे. कोण बचावपटू, कोण आघाडीपटू हे सामना बघताना सांगता येत नाही. खिखोनचा तो सगळीकडे धावणारा पोरगा आठवतो, आणि वाटतं की त्याने स्वतःसारखे दहा जण जमवले.

लिव्हरपूलला त्यांच्याच अॅनफिल्डवर पेनल्टींवर, मग अॅस्टन व्हिला, मग आर्सेनल, आणि म्युनिकमध्ये इंटर. युरोपियन अंतिम सामन्याच्या इतिहासातला हा सर्वांत मोठ्या फरकाचा विजय. पहिला गोल हकिमीचा, कतारमध्ये ज्याने त्याला घरी पाठवलं त्याचा. डुएने दोन गोल केले, तेव्हा त्याच्या विसाव्या वाढदिवसाला तीन दिवस बाकी होते. वगळला गेलेला डेम्बेले त्या वर्षी बॅलन डी’ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, घेऊन गेला.

दोनदा तिहेरी मुकुट किती प्रशिक्षकांनी मिळवला आहे?

लीग, देशातला चषक आणि चॅम्पियन्स लीग हे तिन्ही एकाच मोसमात, तेही दोन वेगवेगळ्या क्लबांबरोबर, अशी कामगिरी पॅरिसच्या त्या विजयापर्यंत फक्त दोघांची होती : ग्वार्डिओला (बार्सिलोना २००९, मँचेस्टर सिटी २०२३) आणि लुईस एनरिके (बार्सिलोना २०१५, पॅरिस २०२५). दोघे ऑलिम्पिकच्या एकाच संघातले आणि बार्सिलोनातले सहकारी.

तो पत्रकारांशी उद्धट वागतो, हे खरं का?

तुटक बोलतो, हे खरं. प्रश्न आवडला नाही तर तोंडावर सांगतो. डावपेच समजावून सांगायला तर तो अजिबात तयार नसतो, आणि आम्हा चाहत्यांना ते खटकतं. पण खेळाडूंशी वागताना तो लपवाछपवी करत नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात चॅम्पियन्स लीग जिंकून देणाऱ्या गोलरक्षक दोन्नारुम्मालाही आपल्याला वेगळ्या धाटणीचा गोलरक्षक हवा आहे असं त्याने उघड सांगितलं आणि तो निर्णय आपलाच असल्याचं मान्य केलं. मला दोन्नारुम्मासाठी वाईट वाटलं. निदान त्याला दुसऱ्याच्या तोंडून कळलं नाही.

सरावाच्या मैदानाशेजारी त्याने उंच परांचीसारखा मचाण उभारला होता, वरून खेळाडूंमधली अंतरं नीट दिसतात म्हणून. त्याच्या बोलण्यापेक्षा मला ते दृश्य जास्त सांगून जातं.

या सगळ्याचा आपल्याकडच्या फुटबॉलशी काही संबंध?

थेट नाही. पण हा फुटबॉल ज्या शाळेतून आला तिचे मास्तर आपल्याकडे येऊन गेले आहेत. बार्सिलोनाच्या मुशीतून आलेल्या सर्जिओ लोबेराने २०१७ पासून एफसी गोवाला असाच मागून पास देत खेळायला शिकवलं आणि २०१९ चा सुपर कप जिंकला. मग २०२०-२१ मध्ये मुंबई सिटीला लीग शिल्ड (साखळी फेरीत अव्वल येणाऱ्याचा मान) आणि इंडियन सुपर लीगचा करंडक दोन्ही मिळवून दिले. फातोर्ड्याच्या मैदानात तो गोवा संघ पाहिलेल्या माणसाला पॅरिसचा खेळ परका वाटणार नाही.

मला त्याचे संघ पाहायचे आहेत. कुठून सुरुवात करू?

पहिला सामना मँचेस्टर सिटीविरुद्धचा ४-२, जानेवारी २०२५. पूर्ण पाहा, मागे पडल्यानंतरचा अर्धा तास तर दोनदा. मग बार्सिलोनाचा ६-१, पण फक्त शेवटची दहा मिनिटं नकोत, ५० ते ८७ या रटाळ मिनिटांतही संघ कसा टिकून राहिला ते बघा. मोरोक्कोविरुद्धचा पराभवही पाहा, निदान पहिला अर्ध.

आणि म्युनिकचा अंतिम सामना पाहताना अगदी पहिल्या क्षणापासून डोळे उघडे ठेवा. सामना सुरू होताच विटिन्हा चेंडू मुद्दाम लांब, इंटरच्या कोपऱ्याजवळ मैदानाबाहेर मारतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला चूक वाटली. मग दिसलं, की इंटरचा थ्रो-इन होण्याआधीच पॅरिसची सगळी पोरं त्या कोपऱ्याभोवती जाऊन उभी आहेत.